पाण्याच्या दिवसाची हिरवी खूण

मुलगी नववीत गेली आणि आमच्या घरातलं बोलणं बंद झालं. भांडण नाही, रुसवाफुगवा नाही, नुसतं बंद. शाळेतून आली की कोपऱ्यातल्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायची आणि मोबाइलमध्ये डोकं घालायची. मी वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. दिवसभर माणसांवर ओरडतो, पण या एका पोरीपुढे माझी दातखीळ बसायची. मला एकच प्रश्न सुचायचा, "जेवलीस का?" ती मान वर न करता म्हणायची, "हो." संपलं.

बायकोने एकदा वैतागून तो मोबाइल पिठाच्या डब्यात लपवला. मी सवयीने कंपनीतून तिला फोन केला आणि डबा वाजायला लागला. पोरीने पीठ झटकलं आणि परत खुर्चीत जाऊन बसली.

मग शाळेत समुपदेशक बाई आल्या. त्यांनी आम्हा आईबापांना एक अ‍ॅप दिलं. मोबाइलचं वेड मोबाइलनेच घालवायचं म्हणे. अ‍ॅप रोज एक प्रश्न द्यायचं. मुलीने तो घरातल्या कुणाला तरी समोर बसून विचारायचा आणि दहा मिनिटं बोलायचं. मग मी माझ्या फोनवर 'बोललो' असं हिरवं बटण दाबायचं. त्यानंतरच तिचे व्हिडिओ तासाभरासाठी उघडणार. पोटच्या पोरीशी बोलायला आता अ‍ॅप लागतंय, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण लागतच होतं, म्हणून गप्प बसलो.

पहिल्या दिवशी ती समोर येऊन बसली. मी गडबडून विचारलं, "जेवलीस का?"

"पप्पा, हे धरत नाही. हो-नाही उत्तराचे प्रश्न चालत नाहीत. मी विचारते. लहानपणी तुम्हाला कशाची भीती वाटायची?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, देवगाव रंगारीला दळण घेऊन जायचो तेव्हा गिरणीच्या पट्ट्याची भीती वाटायची. तो फटाफटा फिरायचा आणि मला वाटायचं, आता हा आपल्याला ओढून घेणार. डबा दारात ठेवून मी कानात बोटं घालून बाहेर बसायचो. पोरगी खो खो हसली. "आणि आता मशीनवर नोकरी करता?" त्या हसण्याने माझा जीव एवढा सुखावला की बटण दाबायचं राहूनच गेलं. तिनेच आठवण करून दिली.

नंतर दहा मिनिटांचा अर्धा-पाऊण तास व्हायचा. मी कंपनीच्या गेटवरचा चहा सोडून लवकरची बस धरायला लागलो. ती व्हिडिओसाठी बोलते हे मला कळत होतं. कळूनही चाललं असतं, आयुष्यभर.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्यातून एकदा येतं, आणि त्या दिवशी घरात दुसरं काही सुचत नाही. दिवाळीनंतरच्या अशाच एका पाण्याच्या दिवशी संध्याकाळी मी अंगणात पाइप धरून उभा होतो. वरून बायको ओरडत होती, "अहो, टाकीत येईना की पाणी! मोटार बघा!" तेवढ्यात मुलगी माझ्याजवळ आली.

"पप्पा, आज अ‍ॅपचा प्रश्न नाही. मला एक सांगायचंय."

"सांग की."

"असं नाही. बसून."

मला चीड आली. खरं तेच लिहितो, चीड आली. "अगं, पाण्याचा दिवस हाय, आज कुठं बसू? थांब, दाबून टाकतो. तुझं होऊन जाईल." खिशातून फोन काढला. ओला अंगठा लागेना. मी तो पँटला नीट पुसला आणि परत दाबलं. हिरवी खूण आली. "घे, झालं."

ती क्षणभर त्या खुणेकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि आत गेली. टाकी भरली. मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी कंपनीत असतानाच तिचा मेसेज आला, 'दाबा.' मी दाबलं. तिसऱ्या दिवशीही. मग रोजच. मलाही ते सोयीचं पडलं. गेटवरचा चहा पुन्हा सुरू झाला. घरी आलो की ती खुर्चीत असायची. "जेवलीस का?" "हो."

असे तीन महिने झाले तेव्हा शाळेत पालकांची सभा झाली. बाईंनी पडद्यावर सगळ्यांचे तक्ते दाखवले. आमचा एकही दिवस रिकामा नव्हता. मला पुढे बोलावून टाळ्या वाजवल्या. मीही निर्लज्जासारखं हसून हात जोडले.

मुलगी फाटकाजवळ थांबली होती. जिन्यात तिच्या वर्गशिक्षिकेने मला गाठलं. "तुमच्याशी रोज बोलते म्हणून मी निश्चिंत होते. दिवाळीपासून पोरींनी तिला अगदी एकटं पाडलंय हो. डबा घेऊन सायकल स्टँडवर जाऊन बसते. कधी कधी तर न खाताच कुत्र्यांना घालते. सांगितलंच असेल तिने तुम्हाला."

"हो," मी म्हणालो. पोरीसारखंच, मान वर न करता.

घरी जाताना शहागंजच्या गर्दीत स्कूटर अडकली. ती मागे बसली होती, त्यामुळे तिचं तोंड दिसत नव्हतं. म्हणूनच मला विचारता आलं असेल.

"त्या पाण्याच्या दिवशी तुला काय सांगायचं होतं गं?"



"जाऊ द्या ना पप्पा. झालंय त्या दिवशीचं बोलणं."

"कुठं झालंय? सांग ना आता. मी ऐकतोय."

तिच्या आवाजात राग असता तरी मला धरायला काहीतरी मिळालं असतं. रागही नव्हता. माझ्या खांद्यावरून तिचा हात पुढे आला. हातात मोबाइल होता, आणि त्यात दिवाळीनंतरच्या त्या महिन्याचा तक्ता. तिने एका तारखेवर बोट ठेवलं.

"हे बघा. हिरवं आहे. तुम्हीच दाबलंय."