कळतंय तोवर

आईच्या खुब्याचं हाड मोडलं ते घरातच, तुळशीला पाणी घालून वळताना. गंगेकाठी रामघाटावरच्या आमच्या गल्लीत गाडी येत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी तिला खुर्चीत बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत उचलून नेलं. वेदनेनं चेहरा पांढरा पडला होता, तरी त्या हिंदकळत्या खुर्चीत तिचं एकच चाललं होतं, "पदर नीट कर गं माझा."

ऑपरेशन चांगलं झालं. पुढे लघवीची नळी काढली आणि वॉर्डातल्या दाईनं, म्हणजे आयाबाईनं, तिला डायपर बांधला. मी शाळेतून अर्धी रजा घेऊन पोचले तेव्हा आई छताकडे बघत पडली होती. मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "मला जायचंय."

आमच्या घरात त्या गोष्टीला यापेक्षा वेगळं नाव नव्हतं. मी दाईला सांगितलं. अख्ख्या वॉर्डाला ती एकटी, हातात दुसऱ्या कुणाची तरी चादर. तिथूनच ती मायेनं ओरडली, "अम्मा, डायपर लगा है ना? उसी में कर दीजिए, शरमाना कैसा!"

आजूबाजूच्या बायकांनी माना वळवल्या. आईनं डोळे मिटून घेतले.

"कर ना आई," मीसुद्धा म्हणाले. "त्यासाठीच तर असतो तो."

संध्याकाळपासून तिला चहा नको, पाणी नको, औषधापुरता एक घोट. मला वाटलं ऑपरेशनचा थकवा असेल. मग ताप चढला आणि ती बरळायला लागली. आपण सोवळ्यात आहोत, चुलीवर नैवेद्याचं शिजतंय, असं काहीतरी तिच्या डोळ्यांसमोर होतं. दाई बदलायला आली की हात झटकायची, "शिवू नका मला! शिवू नका!" दाईला मराठी कळत नव्हतं, ते एका परीनं बरंच झालं.

डॉक्टर म्हणाले, लघवीत इन्फेक्शन आहे, शरीरात पाणीच नाही. सलाईन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली आणि हळूहळू आई भानावर आली. तेव्हा मी तिला विचारलं, "पाणी का सोडलं होतंस?"

"प्यायले तर जावं लागतं."

"मग काय झालं? इथे सगळ्याच जणी..."

"ज्यांना कळत नाही त्यांचं ठीक आहे गं," ती म्हणाली. "मला कळतं. कळतंय तोवर मी कपड्यात करणार नाही."

हे वाक्य मी वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांना हिंदीत सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "इनको पता चलता है? फिर पॉट क्यों नहीं दे रहे?" असं त्यांनी स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं आणि मग मला म्हणाल्या की माणसं कमी आहेत, पण तुम्ही शिकणार असाल तर मी शिकवते.

मी शिकले. चांगला पाय दुमडायला लावायचा, कमरेखाली हात घालून पॉट सरकवायचा. लोखंडी पॉट आधी गरम पाण्यानं धुवायचा, गार लागला की माणूस आखडतं. तिनं सांगायची वाट बघायची नाही, दर थोड्या वेळानं आपणच विचारायचं. पलंगाला पडदा नव्हता. मी घरून तिचं जुनं नऊवारी लुगडं आणलं आणि सलाईनचा स्टँड आणि खिडकीचा गज यांच्यामध्ये बांधलं.

आतून आई म्हणाली, "तू पलीकडे जा. आणि काहीतरी मोठ्यानं बोल. आवाज येतो."

मी लुगड्यापलीकडे उभी राहून सातवीच्या मुलांना शिकवते तशी गंगेच्या उपनद्या मोठ्यानं सांगत सुटले. शेजारच्या पलंगावरची म्हातारी हसायला लागली. मग आत आईही हसली. तेवढ्यात काम झालं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. वॉकर धरून पहिल्यांदा उभी राहिली त्या दिवशी चार पावलांवर तिचा ताबा सुटला. पायावरून ओघळ गेला, फरशीवर थारोळं झालं. ती खाली बघत राहिली. दाई फडकं घेऊन आली आणि या खेपेला अगदी हळू आवाजात म्हणाली, "कुछ नहीं हुआ अम्मा, आप चलती रहिए।" मोठ्या सिस्टर तिच्याशी बोलल्या असतील, किंवा तिचं तिलाच कळलं असेल. मी विचारलं नाही.

त्या ओल्या फरशीपाशी मला जाणवलं की इतके दिवस मी आईच्या स्वच्छतेची काळजी घेत होते. तिला जपायचं होतं ते वेगळंच काही. शरीर कधी ऐकेल, कधी ऐकणार नाही. पण आधी आपल्याला विचारलं जावं, एवढं तिला हवं होतं.

आई घरी आली. दिवसा खुर्चीचा कमोड, रात्री डायपर, हे तिनं स्वतः ठरवलं. चालणं पूर्वीसारखं झालं नाही. कार्तिकात पंचगंगा घाटावरचे आकाशदिवे नावेतून बघायला जायचं तिच्या मनात होतं, पण वर्षभर मी तो विषय काढला नव्हता. तिनंच काढला.

"नावेत किती वेळ बसावं लागेल?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तासभर तरी. ती म्हणाली, "मग तो एक दे बांधून. कशाला जिवाला घोर!" असं म्हणून स्वतःच कपाटातल्या डायपरच्या पुड्याकडे बोट दाखवलं.

पायऱ्यांवरून नावेच्या दोन मल्लाहांनी तिला खुर्चीसकट उतरवलं. आलमगीर मशिदीखालचा तो घाट अंधारात होता आणि उंच बांबूंवर टोपल्यांमधले दिवे हलत होते. आई शाल पांघरून बराच वेळ वर बघत बसली. नाव वळवायची वेळ झाली तेव्हा ती मल्लाहाला म्हणाली, "भैया, जरा और आगे ले चलिए।"