बर्फातला हातमोजा

मिरकरवाड्याच्या बंदरावर मी जिच्याकडे मासे घेते, तिचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी तिचं विक्रीत लक्ष नव्हतं. मुलगा संध्याकाळी निघणार होता, थंड मुलखातल्या पर्यटकांच्या जहाजावर कामाला. कुळथाचं पीठ नि सुकट बांधून झाली होती. तिनं लोकरीचा नवा हातमोजा माझ्यापुढे धरला आणि सुरमईच्या पेटीतला बर्फ दाखवला.

"बाय, ह्यो घाल नि हात खुपस जरा. माझ्या हातांना बर्फ कळत नाय आता."

मी हात खुपसला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"लागतंय?"

"नाही," मी म्हटलं.

तिनं मोजा काढून माझी बोटं स्वतःच्या गालाला लावली. गिऱ्हाइकं खोळंबली होती. ती पदरात धरून माझी गार पडलेली बोटं चोळत राहिली.