मशीनची प्यादेमात

जगातली कुठलीही गोष्ट लवकर संपली की ती बिघडलीच, असं आमच्या थोरल्या मेव्हण्यांचं ठाम मत आहे. मग ते जेवण असो, कीर्तन असो की भांडण. नांदेडच्या एका शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले, पण तो जोडधंदा. मूळ पेशा बुद्धिबळ. माझ्या लग्नात कानपिळीसाठी त्यांना भर डावातून ओढून आणलं होतं. त्यांनी माझा कान धरला आणि तो तसाच धरून पुढच्या चालीचा विचार करत उभे राहिले. भटजी खाकरले, करवल्या हसल्या. घोडा कुठं घालायचा ते ठरलं तेव्हा कुठं कान सुटला. माझ्या बायकोला यात अजूनही काही वावगं वाटत नाही.

त्यांचं बुद्धिबळ जुनं, देशी नियमांचं. त्यात वजिरानं मात केली तर नुसतं जिंकणं. खरा मान प्याद्यानं मात करण्यात. प्यादेमात झाली की हरणाऱ्यानं स्वतःच्या हातानं चहा करून सगळ्यांना पाजायचा, हा त्यांच्या ओसरीचा कायदा. या हौसेपायी मेव्हण्यांनी हातातले कितीतरी डाव घालवले. समोरचा राजा कोंडून ते प्याद्याची वाट बघत बसायचे, तेवढ्यात तो निसटायचा. पुढे मुदखेडहून रेल्वेनं येणारे त्यांचे एक जोडीदार वारले, दुसरे मुलाकडे पुण्याला गेले, आणि असं खेळणारे आता आपण एकटेच उरलो हे मेव्हण्यांच्या लक्षात आलं. आपल्याबरोबर हा खेळही संपणार, याची त्यांना मरणापेक्षा जास्त धास्ती होती.

त्यांची मुलगी हैदराबादला कृत्रिम बुद्धिमत्तेत काम करते. सुट्टीत येऊन तिनं हे नियम कॉम्प्युटरला शिकवले. त्यानं दुपारी खेळ शिकला आणि संध्याकाळी वजीर घालून वडिलांवर मात केली. हरल्याचं त्यांना काही नव्हतं. ‘हुशार हाय, पर वळण न्हाई,’ एवढंच म्हणाले. मग मुलीनं प्यादेमातीला जास्त गुण ठेवले आणि मेव्हणे मशीनला वळण लावायला बसले. मी जाईन तेव्हा ते लॅपटॉपपुढे मांडी घालून, ‘अरे बाबा, जिंकायची इतकी घाई कशापायी करून राहिला?’ असं त्याला समजावत असायचे.

एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला, ताबडतोब निघा. काही बरंवाईट झालं की काय, या भीतीनं आम्ही दोघं लातूरहून धावत पोचलो, तर हे स्वयंपाकघरात चहा करत उभे. मशीननं वजिराची सरळ मात सोडून दिली होती आणि दम धरून प्याद्यानं मात केली होती. पोरगं पहिल्यांदा पास झाल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला होता. कप सगळ्यांच्या हातात आले. एक त्यांनी लॅपटॉपपुढेही ठेवला. तो तसाच निवत गेला.

‘खेळ वाचला, दाजी,’ ते मला म्हणाले. ‘पर जिंकला तो, अन् चहा आपणच पिऊन राहिलो.’

मला फार वाईट वाटलं. मी लाकडी पट पुढे ओढला, मोहरे मांडले आणि शाळेत शिकलो होतो त्या नव्या नियमानं एक प्यादं दोन घरं पुढे टाकलं. मेव्हण्यांनी लॅपटॉप मिटून बाजूला सारला, आणि माझं प्यादं उचलून एक घर मागं ठेवलं.

‘एकच घर, दाजी,’ ते म्हणाले. ‘आपल्यात सावकाश जायचं असतं.’