राजा मालवणीत बोलला तेव्हा

मालिकेच्या सेटवर मेकअप उतरवायला कुणीतरी खोबरेल आणलं आणि त्या वासासरशी मी मुंबईतून थेट कोकणात, माझ्या शिरोड्याला पोचले.

शाळा आठवीत सुटली होती, काजूच्या कारखान्यात जात होते. गावच्या दशावतारी नाटकात बायकांची कामंही पुरुषच करत. तरी आमच्या वाडीतल्या दत्तूकाकांनी, ते नेहमी राजा व्हायचे, वडिलांकडून मला एका प्रयोगापुरतं मागून घेतलं. जमलं नाही तर पुन्हा कारखाना.

दुपारचा प्रयोग होता. दासी म्हणून मी नुसतं उभं राहायचं, एवढंच ठरलेलं. पण दशावतारात संवाद लिहिलेले नसतातच. सिंहासन म्हणून ठेवलेल्या बाकावर बसलेल्या राजाने एकदम मलाच विचारलं, "दासी, महाराणी कुठे आहेत?"

तोंडातून निघालं, "माका काय म्हायत नाय!"

अख्खा मांडव हसला. दरबारात शुद्ध मराठीच बोलतात, मालवणी फक्त विनोदी पात्राची. तेवढ्यात काका मुकुटासकट बाकावरून उतरले.

"माकाव गावाक नाय गो बाय ती. चल, दोघांय सोधूया."

राजालाही राणी सापडत नव्हती, आणि सांगत होता मालवणीत! पेटीवाल्याचा हातच थांबला. मी त्यांच्यामागून चालू लागले, हळूहळू बोलूही लागले.

तेव्हा वाटलं, काकांनी थट्टा केली. आज हातात छापील संवाद असूनही कॅमेऱ्यापुढे छाती धडधडते, तेव्हा कळतं, त्यांनी माझ्यासाठी काय पणाला लावलं होतं.

त्या दिवशी प्रयोगानंतर पडद्यामागे नाटक कंपनीचे मालक भडकले, "राजा असो बोलता काय रे?"

काका मुकुट काढत म्हणाले, "उद्या हिका राणी कर. मगे मी बरो बोलतंय."