पत्रकावरची शेवटची ओळ

आमच्या भागात एखाद्याचं राजकारण कुठवर पोचलं हे कळायला वर्तमानपत्र लागत नाही, शंकरपटाचं पत्रक पुरतं. धान कापून त्याची पुंजणी, म्हणजे गंजी, लागली की गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गावोगावी पट भरतात. दिवसा बैलजोड्यांची शर्यत आणि रात्री नाटक. दोन्ही मिळून एकच पत्रक निघतं, गुलाबी नाहीतर पिवळ्या कागदावर. सगळ्यात वर उद्घाटक, त्याखाली सहउद्घाटक, मग अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि त्यानंतर मुंग्यांच्या रांगेसारखे प्रमुख अतिथी. नाटकाचं नाव त्यातच कुठेतरी शोधावं लागतं. कोणाचं नाव कोणाच्या वर, यावरून सख्ख्या भावांत अबोला झालेला मी पाहिला आहे.

हे पत्रक बरीच वर्षं मी लिहीत होतो. मी गावच्या शाळेत मास्तर, अक्षर बरं, म्हणून नाट्य मंडळाचं सचिवपद माझ्या गळ्यात पडलं. इतक्या वर्षांत कितीतरी नावं लिहिली. चुकून कुणाची मात्रा राहिली असेल, कुणाच्या वडिलांचं नाव बदललं असेल. पण एक नाव मी जाणूनबुजून त्याच्या जागेवरून खाली ढकललं. ते माझ्या मित्राचं होतं. पुढे तो आमदार झाला, म्हणून ही गोष्ट सांगण्यासारखी झाली. तो झाला नसता तरी मी केलं ते तितकंच वाईट होतं.

आम्ही दोघं एका वर्गात होतो. दहावीत तो गणितात अडकला आणि बस थांब्याजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान टाकून बसला. मी डीएड करून गावातच परत आलो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो ग्रामपंचायतीत निवडून आला. हातपंप बिघडला की अर्ज करण्याआधी हा पाना घेऊन हजर, एवढंच त्याचं भांडवल. पंच झाल्यावर पहिल्यांदा त्याचं नाव पत्रकावर आलं, अतिथींच्या रांगेत बरंच खाली. त्याच्या आईला वाचता येत नव्हतं. मी तिला नाव वाचून दाखवलं, तरी तिनं पत्रक पदरात बांधून आठवडी बाजारात नेलं आणि तीन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतलं. तिघांनी एकच नाव वाचलं तेव्हा तिचा विश्वास बसला. मला म्हणाली, "तुह्यावर भरोसा नाई असं नाई रे मास्तर. पण तू मन राखाले वाचतं."

पुढे तो सरपंच झाला. त्याचे सगळे अर्ज मीच लिहायचो. रस्त्याचे, तलावाच्या दुरुस्तीचे, रॉकेलचे. तो बोलायचा, मी लिहायचो, आणि त्याच्या बोलण्यातला गाळ काढून टाकला की अर्ज आपोआप चांगला व्हायचा. मला ते काम मनापासून आवडत होतं.

मग एक दिवस आम्ही तहसील कार्यालयात गेलो. नवीन साहेब आले होते. मित्रानं ओळख करून दिली, "हे आमचे मास्तर. माह्ये अर्ज हेच लिहितात." साहेबांनी माझ्याकडे न बघताच "छान" म्हटलं आणि त्याला बसायला सांगितलं. टेबलासमोर खुर्ची एकच होती. तो बसला. मी कागदांची पिशवी घेऊन अर्धा तास उभा राहिलो. झालं इतकंच. पण त्या अर्ध्या तासात माझ्या मनात काहीतरी नासलं. शिकलेला मी, दहावी नापास तो, आणि बसलेला तो.

त्याच हिवाळ्यात तो जिल्हा परिषदेला उभा राहणार हे ठरलं. मंडळाच्या बैठकीत सगळ्यांनी एकमतानं त्याला सहउद्घाटक केलं. म्हणजे वरून दुसरी ओळ. मी यादी सुवाच्य लिहिली आणि ती घेऊन एसटीनं वडशाला निघालो. तिथे एका चाचांचं छापखान्याचं दुकान होतं. खिळे जुळवून छापण्याच्या त्या काळात आमची सगळी पत्रकं तेच छापायचे. चाचा आत होते. मी बाहेरच्या टेबलावर यादी पसरली, दुसऱ्या ओळीतल्या त्याच्या नावावर काट मारली आणि ते अगदी तळाला, पोलीस पाटलांच्याही खाली लिहिलं. कुणी मला सांगितलं नव्हतं. विरोधातल्या माणसानं चहासुद्धा पाजला नव्हता. सगळं माझंच होतं.

पत्रकं गावात आली तेव्हा मंडळाची माणसं खवळली. मी म्हणालो, "छापखान्यात चुकलं असंल." चार जण वडशाला जाऊन, चाचांचं काही ऐकून न घेता, त्यांना वाट्टेल ते बोलून आले आणि पुढच्या वर्षीपासून काम दुसरीकडे द्यायचं ठरलं. मी त्या बैठकीत बसून होतो. इतिवृत्तात तो ठराव माझ्याच हातानं लिहिला.

मित्र दुकानासमोर उभा राहून पत्रक वाचत होता, तेव्हा मी शाळेच्या खिडकीतून बघत होतो. त्यानं वरून खालपर्यंत एकदा वाचलं. मग कागदाची घडी करून खिशात घातली आणि पंक्चर काढायला बसला.

पटाच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून माणूस लोटला होता. बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं, बायका बैलगाड्यांवर उभ्या. सूत्रसंचालन माझ्याकडेच होतं, कारण माईकही माझ्याकडेच. पत्रकातल्या क्रमानं एकेकाला बोलावायचं, हार घालायचा आणि त्यानं बोलायचं. उद्घाटकांनी धरणापासून सुरुवात केली. अध्यक्षांनी उद्घाटकांचं कौतुक केलं. उपाध्यक्षांनी दोघांचं केलं. उन्हं कलायला लागली, पहिल्या जोडीचा बैल कासरा ओढून ओढून फेसाळला आणि मागून पोरं शिट्ट्या मारू लागली. शेवटी त्याची पाळी आली. माईकपुढे येऊन तो म्हणाला, "मंडळी, बैल कवाचे उभे आहेत. त्यायले कंटाळा आला. मी काई बोलत नाई. पट सुरू करा."

आणि तो खाली उतरला.

असा गलका मी त्याआधी ऐकला नव्हता. लोकांनी टोप्या उडवल्या. जोडी सुटली ती त्या गलक्यातच. नंतर महिनाभर धानाच्या मळणीवर, हाटात, एसटीत लोक एकमेकांना म्हणत होते, "बैल उभे आहेत." तो जिल्हा परिषदेवर निवडून आला. मी त्याला सगळ्यांसमोर खाली ढकललं होतं आणि तिथूनच तो वर गेला. आनंद मला झाला, खोटं कशाला बोलू? मिरवणुकीत मी गुलालानं माखलो होतो. पण तो प्रत्येकाला सांगत होता, "हे मास्तर नसते तं मी नसतो." ते ऐकताना मला कुठे तोंड लपवू असं व्हायचं.

एका खेपेनंतर तो आमदार झाला. दुकान त्यानं बंद केलं नाही, भाच्याला दिलं. लोक बस थांब्यावर उतरून पहिले तिथेच विचारायचे, "भाऊ आहेत का?" मीही आता चारचौघांत त्याला भाऊच म्हणत असे. दोघंच असलो की जुनंच चालायचं.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्यानं मला प्रेक्षक गॅलरीचा पास काढून दिला. नवा सदस्य, त्यामुळे चर्चेत त्याचा नंबर अगदी शेवटी लागला. सभागृह अर्धं रिकामं होतं. मी वर बसून घामाघूम झालो होतो, कारण भाषण माझ्या हातचं होतं, पाच पानांचं. त्यानं ती पानं बाकावर ठेवली. म्हणाला, "अध्यक्ष महोदय, आपली घंटा वाजायच्या आत मी खाली बसतो. आमच्याकडे जंगलात एक गाव आहे. तिथल्या मुली आठवी शिकतात आणि थांबतात. नववीची शाळा लांब आहे आणि मधे नाला आहे. नाल्यावर पूल झाला, पण त्यावरून बस जात नाही. सकाळी एक बस द्या." आणि बसला. अध्यक्षांचा घंटेवरचा हात तसाच राहिला. कुणीतरी हसलं, मंत्र्यांनी मान डोलावून काहीतरी टिपून घेतलं.

पुढच्या जूनमध्ये ती बस सुरू झाली. पहिल्या दिवशी गावातल्या बायांनी बसला ओवाळलं, ड्रायव्हरला टिळा लावला. कंडक्टर म्हणाला, "मलेही लावा ना, मी निस्तं तिकीट फाडाले आलो काय?" मुली इतक्या लवकर येऊन बसल्या होत्या की बस सुटायला तासभर होता आणि एकही जागा रिकामी नव्हती.

पण ते जूनमधलं. त्याआधी, अधिवेशनातून परत येताना, नागभीडच्या अलीकडे आम्ही एका टपरीवर चहाला थांबलो. जीपचा ड्रायव्हर रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता. मला त्या दिवशी आणखी सहन होईना.

"मले तुले एक सांगायचं आहे," मी म्हणालो.

"सांग ना. बदली पाह्यजे का?"

"नाई. तू जिल्हा परिषदेले उभा होता त्या सालचं पत्रक. तुह्यं नाव चाचाच्या चुकीनं खाली नाई गेलं. मी नेलं."

त्यानं बशीतल्या चहावर फुंकर मारली. "मले माहीत आहे."

"कवापासून?"

"त्याच आठवड्यापासून. चाचा माह्या दुकानावर आला होता, तुह्या हातचा कागद घेऊन. 'देख लो भाई, गलती किसकी है.' वर माह्या नावावर काट, खाली पुन्हा माह्यं नाव. काय अक्षर काढलं होतं गड्या तू. काट वाकडी गेली, पण खालचं नाव मोत्यासारखं."

"मग बोलला काऊन नाई?"

"बोललो असतो तं तू लाजेनं घरी बसला असता. मग माह्ये अर्ज कोण लिहिते?"

मी त्याला तहसील कार्यालयातली खुर्ची सांगितली. त्याला ती आठवेना. त्यानं खरंच आठवून पाहिलं, कपाळाला आठ्या घालून. "मी बसलो होतो? खुर्ची एकच होती का?" मग बशी खाली ठेवून म्हणाला, "तेवढ्यासाठी? लेका, मले सांगतं तं मी उठलो असतो."

मला रडू आलं ते त्यानं न पाहिल्यासारखं केलं. जीपमध्ये बसताना मात्र म्हणाला, "मले काऊन सांगून राह्यला? मी तं निवडून आलो. नुकसान चाचाचं झालं. त्याले सांग."

हे मला कधी सुचलं नव्हतं. इतकी वर्षं मी माझं पाप फक्त एका माणसापुरतं धरून बसलो होतो.

रविवारी वडशाला गेलो. चाचांच्या दाढीत आता पांढरं जास्त होतं. यंत्र धडधडत होतं. मी हात जोडून सगळं सांगितलं. चाचांनी कानामागे हात धरला, मग यंत्र बंद करायला लावलं. आतून दोन कामगारांना बोलावून माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, "अब बोलो." मी पुन्हा सगळं बोललो. यंत्राशिवाय ते फार मोठ्यानं ऐकू आलं. चाचा एका कामगाराला म्हणाले, "चाय बोल. चार." आणि मला, "काम लाना, मास्तर. लेकिन काट-छाँट घर से करके लाना."

मंडळाच्या बैठकीतही सांगितलं. दोघा-तिघांनी चांगलंच सुनावलं, ते मला मिळायलाच हवं होतं. मग काम पुन्हा चाचांकडे देण्याचा ठराव झाला आणि तो लिहिताना माझं अक्षर जरा जास्तच मोठं आलं.

बस सुरू झाली त्या हिवाळ्यातल्या पत्रकावर मी त्याचं नाव सगळ्यात वर लिहिलं. उद्घाटक. एकही काट नाही. मला वाटलं, हिशेब मिटला.

पटाच्या दुपारी पहिला माईक त्याला मिळाला. आणि काय झालं कोण जाणे, वरच्या ओळीतला माणूस जसा बोलतो तसाच तो बोलायला लागला. रस्ता झाला, पूल झाला, बस झाली, आता दवाखाना होणार, त्याआधी काय काय झालं होतं आणि कुणामुळे झालं नव्हतं. उन्हं कलली. पहिल्या जोडीनं पाय आपटायला सुरुवात केली. मी त्याच्या सदऱ्याची बाही हळूच ओढली, त्याला कळलं नाही. तेवढ्यात समोरच्या बैलगाडीवरून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला. "अरे, बैल उभे आहेत ना बाप्पा."

त्याची आई होती.

आधी बायका हसल्या, मग सगळा पट हसला. तो मधल्या वाक्यातच थांबला, आईकडे पाहून कान पकडले आणि खाली उतरला. जाताना माझ्या कानाशी म्हणाला, "मास्तर, पुढल्या साली मले खालीच ठेव."

पुढल्या साली मी तसं लिहून वडशाला नेलं. चाचांनी यादी वरपासून वाचली, तळाला आमदारांचं नाव पाहिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "फिर से?"

"या वेळी त्यानंच सांगितलं."

"लिखवा के लाओ. उनके दस्तखत के साथ."

दुसऱ्या दिवशी मी सायकलच्या दुकानात गेलो. आमदारसाहेब भाच्याची चूक काढत एका चाकाच्या तारांचा ताण बघत बसले होते. मी चाचांचं म्हणणं सांगितलं तसा तो इतका हसला की चाक हातातून सुटलं. "मग अर्ज करावा लागते," तो म्हणाला, "लिही." दुकानात खुर्ची एकच होती. तो उठला, जुन्या धोतराच्या फडक्यानं ती पुसली आणि मला बसवलं. मी मांडीवर वही घेऊन लिहायला लागलो आणि तो बाजूला उभा राहून सांगू लागला, "महोदय, विनंती अशी की..."