आबांचं माती परीक्षण

माझ्या सासऱ्यांना एका जागी सलग पाच मिनिटं बसलेलं पाहिलेला माणूस अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही. मी तेवीस वर्षं त्यांचा जावई आहे, पण आबांच्या तोंडापेक्षा त्यांची पाठच मी जास्त पाहिली असेल. आमच्या लग्नात माझ्या हातावर कन्यादानाचं पाणी सोडता सोडता ते उठले, कारण कुणीतरी मांडवात येऊन सांगितलं की शेतावरची लाइट आली. मोटार चालू करून, केळीच्या ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवून ते परतले, तोवर भटजींचा दुसरा चहा झाला होता. आबा जेवतात उभ्याने, पेपर वाचतात तो येरझारा घालत, आणि साखरेची गोळी गेली वीस वर्षं चालता चालताच घेतात. रात्री झोपतात असं ते स्वतः सांगतात; सासूबाईंचं मत वेगळं आहे.

गेल्या वर्षी साखरेच्या नेहमीच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंना त्यांच्या किडनीची शंका आली. पुढच्या तपासण्यांसाठी आबा यावल तालुक्यातलं शेत सोडून पिंप्राळ्याला आमच्याकडे राहायला आले आणि आमच्या इमारतीची झोप उडाली. ते दर तासाला गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी पाहून येत. शेवटी वॉचमनने कंटाळून मोटारीची किल्लीच त्यांच्या हवाली केली. रक्ताचा रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला, इंग्रजीत, म्हणून मीच वाचून दाखवला. पोटॅशियम जास्त, फॉस्फरस जास्त. मी डॉक्टरीणबाईंचा नंबर शोधू लागलो, आणि आबांचा चेहरा मात्र उजळला! चाळीस वर्षं माती परीक्षणाचे कागद वाचलेला माणूस तो. "म्हंजे पालाश भरपूर, स्फुरद भरपूर," ते म्हणाले. "जावईबापू, सत्तरी उलटली तरी जमीन भारी हाये माही!"

डॉक्टरीणबाईंना ही जमीन काही पसंत पडली नाही. पोटॅशियम असंच वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, केळी आजपासून बंद, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आबा खिडकीबाहेर पाहत होते. मग बाई म्हणाल्या, "किडनी आणखी बिघडली तर डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास एका जागी." हे ऐकल्याबरोबर आबा ताडकन उठले आणि दाराबाहेर गेले. हृदय बंद पडण्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. चार तास बसण्याने मात्र त्यांचं धाबं दणाणलं. त्यांना आणायला मी धावलो. आमच्या पाठीमागे बाई पाण्याबद्दल काहीतरी सांगत होत्या, ते दोघांनीही ऐकलं नाही.

आबांनी केळी सोडली. ज्या माणसाने जन्मभर न्याहारीला केळी खाल्ली, त्याने ती एका दिवसात सोडली, म्हणून आम्हाला कौतुक वाटलं. पण त्यांनी मनाशी दुसराही उपाय योजला होता. सकाळी उठल्यापासून ते तांब्यामागून तांब्या पाणी पीत. मी विचारलं तर म्हणाले, "मातीत क्षार वाढले त काय करता? पानी सोडता न् धुवून काढता. मंग?" मला हे इतकं पटलं की मी बाजारातून मोठा तांब्या आणून दिला. त्या तांब्याची मला आजही लाज वाटते.

पंधरा दिवसांत त्यांचे पाय चपलेत मावेनात, गच्चीचा जिना चढताना दम लागू लागला, आणि एका दुपारी त्यांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. तिथे पलंगावर मी आबांना पहिल्यांदा स्वस्थ पाहिलं. मला ते पाहवेना. डॉक्टरीणबाईंनी पाण्याची सगळी हकिकत ऐकून घेतली. त्या धुळ्याकडच्या, शेतकऱ्याच्याच घरातल्या. त्यांनी विचारलं, "आबा, निचऱ्याचा चर बुजलाय आणि तुम्ही वावरात पाणी सोडलं, तर काय होईल?"

"वावर चिभडते, पानी आतच साचून राह्यते," आबा पटकन म्हणाले. त्यांनी वाकून सुजलेल्या पायावर बोट दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला. "चिभडलं," ते हळूच म्हणाले.

तेव्हापासून आबा फवारणीच्या औषधाचं असतं तसलं एक कोरं माप आणून त्याने पाणी मोजून पितात, आणि कुणी विचारलं तर त्याला निचऱ्यावर भाषण देतात. आकडे थोडे उतरले आहेत. डायलिसिसचं मशीन लांबलं आहे. किती लांबलं ते बाई सांगत नाहीत आणि आबा विचारत नाहीत.

मागच्या आठवड्यात घडांची कापणी होती, म्हणून त्यांना शेतावर घेऊन गेलो. झाडावरच पिकलेलं एक केळं त्यांनी सोलून माझ्या हातात दिलं आणि बांधावर बसले. मी खात होतो आणि ते माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"गोड हाये?"

"हो."

"मंग पालाश बराबर पडलं."

तेवढ्यात विहिरीपाशी कुणीतरी ओरडलं, लाइट आली! मी आबांकडे पाहिलं. ते उठले नाहीत. "तुमीच फिरवा व्हॉल्व्ह," म्हणाले. मी गेलो, आणि लक्ष सगळं बांधाकडे होतं म्हणून की काय, दोन्ही उलटेच फिरवले. मागून खणखणीत शिवी आली, त्या पाठोपाठ चपलांचा फटफट आवाज आला, आणि मला फार फार बरं वाटलं.