मशीनची पाठ

यशवंतपूरच्या घरात एअर कंडिशनर बसला तेव्हा शेजारच्या अक्का हसल्या होत्या, "बंगळुरात हे कशाला?" पण मामंजींचं हृदय अधू होतं आणि त्या वर्षीचा एप्रिल त्यांना सोसवत नव्हता. माझे यजमान कारखान्यात इंजिनियर. त्यांनी कुठूनसं जुनं मशीन आणलं, दुरुस्त केलं आणि मामंजींच्या खोलीच्या मागच्या खिडकीत बसवलं.

त्या खिडकीमागे बंद व्हरांडा होता, आणि तिथे मी, पाच दिवसांची बाळंतीण. यजमानांनी मला समजावलं, मशीन थंडी तयार करत नाही. पुढच्या नळ्यांतला गॅस खोलीतली उष्णता शोषतो आणि मागच्या नळ्यांतून बाहेर टाकतो. बाहेर म्हणजे माझ्या अंगावर. बाळंतिणीला ऊब मिळते, शेगडीचा धूरही नको, म्हणून सासूबाईंनी लेकाचं कोण कौतुक केलं. एक पंथ दो काज. वारा लागू नये म्हणून जाळीला गोणपाट ठोकलेलं होतंच.

पहिल्याच दिवशी मी बोलले. "स्वल्प सोस गं, नाहीतर पुढं कंबर धरते," सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी यजमानांना सांगितलं. "आईला जास्त कळतं," असं म्हणून ते कामावर गेले. हा म्हणे इंजिनियर. माझ्या अंगाची लाही होत होती, उकाड्याने आणि संतापानेही.

तिसऱ्या दुपारी पोर दूध ओढेना. ओठ सुकलेले, अंग तापलेलं, रडणंही थांबलेलं. सासूबाई दृष्ट काढायला मीठमिरच्या आणायला गेल्या. मशीनचं बटण भिंतीपलीकडे होतं, आणि विटाळ फिटेपर्यंत मामंजींच्या खोलीत पाऊल टाकायची मला मनाई होती. ते सोवळ्याओवळ्याचे कडक, नातीचं तोंडही अजून पाहिलं नव्हतं. मी तिला उचललं आणि सरळ आत गेले.

मामंजी उठून बसले. त्यांनी पोरीच्या कपाळाला हात लावला आणि पलंगावरून उतरले. "इथं निजव तिला." त्या गारव्यात मी तिच्या ओठांवर दुधाचे थेंब पिळत राहिले. बऱ्याच वेळाने तिने तोंड लावलं, तेव्हा मला रडू फुटलं.

संध्याकाळी यजमान माझ्यावरच चिडले. "इतकं झालं होतं तर नीट सांगायचं नाही का?"

"तिनं सांगितलं," खुर्चीतले मामंजी म्हणाले. "दोन्ही दिवस मला खिडकीतून ऐकू येत होतं. मला गार वाटत होतं, म्हणून मी गप्प बसलो."